नारळ ठेवलेली गाडी

बाबांची गाडी मला विकवत नव्हती आणि चालववतही नव्हती. ते गेल्यावर ती घरामागच्या मांगरात, म्हणजे खोपटात, ताडपत्रीखाली तशीच उभी राहिली. गोल दिव्यांची, छोटी, एके काळी पांढरी. आई तिला बगळी म्हणायची. गेल्या वर्षी माझ्या मुलीने, जुईने, ताडपत्री ओढून काढली, सीटमधली उंदरांची घरटी झटकली आणि सांगून टाकलं, "बाबा, ही मी चालवणार. पण पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवल्याशिवाय नाही." आजीचा हात या गाडीत मोडला होता, एवढंच तिने ऐकलं होतं. त्यापुढचं तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, कारण ते माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

डिस्क ब्रेक निवडणं हे चार दिवसांचं काम असेल असं मला वाटलं होतं. त्यात पाच महिने गेले. कोल्हापूरचा एक माणूस फोनवर म्हणाला, मोडीत निघालेल्या नव्या छोट्या गाडीचे हब आणि डिस्कला चिमटीत धरणारे कॅलिपर काढून तुमच्या गाडीला बसवू. "साहेब, बोल्टला बोल्ट बसतो, काही कापावं लागत नाही." मी विचारलं, ती गाडी मोडीत का गेली? तो हसला. ते हसणं माझ्या डोक्यात राहिलं. दुसऱ्याकडे नवाकोरा संच होता. त्याने फोटो पाठवला. तोच फोटो, टेबलावरच्या चहाच्या डागासकट, आणखी दोघांनी आपला म्हणून मला पाठवला. कुडाळच्या गॅरेजवाल्याने त्या सगळ्यांना चोर ठरवलं आणि वर नव्या शंका दिल्या: चाकं लहान आहेत, कॅलिपर रिमला घासेल, डिस्कला पायाचा जोर जास्त लागतो, मग बूस्टर हवा, पायाचा जोर तेलातून चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलेंडर जुनाच ठेवलात तर पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा मेळ बसायचा नाही. प्रत्येक जण आधीच्याने लपवलेली एक गोष्ट सांगायचा, आणि मग मला वाटायचं, हा काय लपवतो आहे? जुई एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, तुम्ही ब्रेक शोधताय की गुन्हेगार?"

मी हसलो. तिला द्यायला हवं होतं ते उत्तर इथे लिहितो आहे.

मी अकरावीत होतो. मालवणच्या बंदराकडे बाबांचं दुकान होतं. जाळी, दोर, शिशाचे गोळे, गळ, आणि बोटींच्या इंजिनाचं तेल. तेलाचं पिंप मागच्या कोपऱ्यात असायचं, त्याला पितळी नळ होता आणि त्याखालची जमीन कायम काळी, चिकट. घर दुकानापासून सायकलच्या अंतरावर, माडांच्या बागेत. सकाळी घरातला पहिला आवाज आईच्या आडाळ्याचा, म्हणजे विळीचा. ती पाटावर एक पाय दुमडून बसायची आणि खोबरं खवायची. खर्र, खर्र, जरा थांबून वाटी फिरवायची, पुन्हा खर्र. पावसात, थंडीत, सणाला, सुतकात, तो आवाज चुकला नाही. मी त्या आवाजावर कूस बदलायचो आणि आणखी थोडा वेळ झोपायचो. मग उकड्या तांदळाची पेज, चुलीत भाजलेला सुक्या बांगड्याचा तुकडा, आणि बाबांचं रोजचं विचारणं, "मांगराचो दरवाजो रात्री कोणी उघडो ठेवलो?" बाबांना चोर कुठेही दिसायचे. जाळं विकताना ते गिऱ्हाइकाच्या हातांकडे बघायचे, तोंडाकडे नाही. दुधात पाणी, तांदळात खडे, भावाच्या बोलण्यात डाव, सगळं त्यांना आधीच दिसायचं. या जगात एकाच माणसावर त्यांचा विश्वास होता, तो म्हणजे गोपाळ मेस्त्री.

मेस्त्रीचं गॅरेज कट्टा गावात बसस्टॉपच्या मागे होतं. चार पत्रे, दोन वासे, आणि पाठीमागे एक उंच वाकलेला माड. मेस्त्री उंच, हडकुळा, कानावर पेन्सिल खोचलेली. गाडी आली की तो आधी बॉनेटवर हात ठेवून गप्प उभा राहायचा. बाबा म्हणायचे, "डॉक्टर नाडी बघता तसो बघता तो." बगळीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा आमच्या घरचा नियम होता. मेस्त्री आमच्याकडे आला की आई त्याला पेज दिल्याशिवाय सोडायची नाही, आणि तो दर वेळी म्हणायचा, "वैनी, तुमच्या पेजेसाठीच मी गाडी अर्धवट ठेवतंय."

त्या वर्षी त्याने बगळीच्या ब्रेकना नवे लायनर घातले. गाडी आणायला बाबांबरोबर मीही गेलो होतो. बाबा चहा सांगायला समोर गेले तेव्हा मेस्त्री मला म्हणाला, "वासू, टाकीत ब्रेक ऑईल वायच कमी आसा. माझो डबो संपलो. परवा ये नि माझ्याकडसून घेवन जा." मी हो म्हटलं आणि घरी येताना बाबांनाही सांगितलं. परवा किनाऱ्यावर क्रिकेटचे सामने होते. तेरवाही होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी दुकानात बाबांनी विचारलं, "वासू, मेस्त्रीन सांगल्यान ता ऑईल घातलंस?" आणि मी म्हणालो, "व्हय, घातलंय."

आधी खोटं बोललो, आणि मग ते खरं करायला गेलो. आमच्याकडच्या बोटींवर एकच तेल सगळीकडे चालायचं. इंजिनात तेच, गिअरात तेच, दोर ओढायच्या रहाटाला तेच, गंजलेल्या बिजागरीलाही तेच. तेल म्हणजे तेल, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. पिंपाचा नळ सोडून मी बाटलीत थोडं घेतलं, घरी आईने खवून टाकलेली एक करवंटी उचलली, तिच्या डोळ्याला खिळ्याने भोक पाडलं आणि तिचं नरसाळं करून ब्रेकच्या छोट्या टाकीत तेल ओतलं. टाकी काठोकाठ भरली. मला समाधान वाटलं, हे मी इथे प्रामाणिकपणे लिहितो. करवंटी मी माडाच्या आळ्यात फेकली.

पहिले काही दिवस ब्रेक उलट जास्तच चांगला लागायला लागला. पाय ठेवला की गाडी जागच्या जागी. बाबा जेवताना दोनदा म्हणाले, "मेस्त्रीचो हात म्हणजे हात. ब्रेक कसो बेस लागता बघ!" बोटीचं तेल आतल्या रबरांना फुगवत होतं, आणि फुगलेली रबरं ब्रेक सोडत नव्हती, तो आत घासून तापत होता आणि फार तापला की एकदम निकामी होणार होता, हे मला कळायला पुढे कित्येक वर्षं लागली. त्या वेळी मी फक्त सोलकढीत भात कालवत राहिलो.

दहा-बारा दिवसांनी शिरोड्याला आत्याच्या मुलीचा साखरपुडा होता. जाताना गाडी जड चालली होती. परतताना पुढच्या चाकांकडून करपलेल्या भाकरीसारखा वास यायला लागला. आई म्हणाली, "काय तरी जळता." बाबा म्हणाले, "नवे लायनर. असोच वास येता." मी मागच्या सीटवर आत्याने दिलेला नारळीपाकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून बसलो होतो. उतार लागला, बाबांनी पाय दाबला, आणि तो थेट खालपर्यंत गेला. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त आईचं नाव घेतलं, जे त्यांनी आमच्यासमोर कधी घेतलं नव्हतं, आणि गाडी रस्त्याकडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर, बुटक्या कुंपणभिंतीवर, घातली. आईने हात पुढे टेकवला होता. तो मनगटाच्या वर दोन ठिकाणी मोडला.

हाड जुळलं, पण वाकडं. पुढे त्या हाताने तिला भाकरी थापता आली, धुणं पिळता आलं, पण आडाळ्यावर जोर देता आला नाही. खोबरं खवायला बाबा बसू लागले. त्यांचा आवाज वेगळा होता, घाईचा, तुटक, मध्येच करवंटीला पातं लागायचं. रोज सकाळी मी त्या आवाजाने जागा व्हायचो आणि मग मला झोप लागायची नाही. आजही नातेवाइकांकडे कोणी आडाळा काढला की मी काहीतरी निमित्त करून अंगणात जातो.

मेस्त्री दुसऱ्याच दिवशी सायकलने आला. आईला भेटला, मग मांगरात ओढून आणलेल्या गाडीकडे गेला, मागोमाग बाबा आणि मी. बाबांना तो आबा म्हणायचा. टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, वास घेतला, दोन बोटांत तेल चोळलं. मग चाक उतरवून आतलं रबर बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं.

"आबा, हेच्यात कोणी काय घातल्यान?"

"तुझ्याशिवाय हिका हात कोण लावता?"

"ह्या ब्रेक ऑईल न्हय. ह्या रबर बघा, फुगान आंबाड्याएवढा झाला."

"चुकी करूची आणि वर दुसऱ्याच्या अंगार घालूची?"

"मी कोणाच्या अंगार घालतंय? मी इचारतंय." मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता, हेच मला आजवर छळतं. "वासू, तू घातलंस काय रे ऑईल? खंयचा घातलंस?"

मी मान हलवली. नाही.

बाबा माझ्याकडे वळले. मी घातलं असं दोनच आठवड्यांपूर्वी मीच त्यांना सांगितलं होतं. मला वाटलं, आता संपलं. पण बाबांच्या डोळ्यांसमोर त्या वेळी फक्त आईचा हात होता. ते म्हणाले, "पोराक मधी आणू नको, मेस्त्री. तो घालूक गेलो असतो तरी तुझ्याकडचाच घातल्यान असता." म्हणजे माझी दोन खोटी एकमेकांशी जुळत नव्हती, आणि तरीही बाबांनी ती माझ्यासाठी जुळवून घेतली. आयुष्यभर सगळ्यांवर संशय घेणाऱ्या माणसाने जिथे घ्यायला हवा तिथेच तो घेतला नाही.

भांडण वाढलं. शेवटी मेस्त्रीच म्हणाला, "चला देवाकडे." आमच्याकडे चोर सापडला नाही, कबुली मिळाली नाही, की माणूस रवळनाथापुढे नारळ ठेवतो आणि न्याय देवावर सोडतो. एकदा ठेवलेला नारळ ज्याने ठेवला त्यानेच, किंवा त्याच्या घरच्याने, गाऱ्हाणं घालून मागे घ्यायचा असतो. तोवर तो गुन्हेगाराला शोधत राहतो, अशी समजूत. सोमवारी वाडीतले पंधरा-वीस जण जमले. गावकऱ्याने, म्हणजे देवळातल्या मानकऱ्याने, बाबांचा नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं, "जेच्या हातान ह्या गाडयेत खोट झाली, तेका तू सोडू नको, म्हाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मेस्त्रीने तर सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. मीही म्हटलं. गप्प राहणाऱ्याकडे लोक बघतात, हे मला तोवर कळलं होतं.

त्यानंतर मी वाट बघत राहिलो. साधा ताप आला तरी वाटायचं, आला. पोहताना पाय गाळात अडकला की वाटायचं, आला. मला काही झालं नाही. दिवाळीनंतरच्या वादळात मेस्त्रीच्या गॅरेजमागचा तो वाकलेला माड पडला, पत्र्यांवर. आत कोणी नव्हतं. पण बाजारात, देवळात, बसमध्ये एकच वाक्य फिरलं, "नारळ लागलो." गाड्या यायच्या बंद झाल्या. शिमग्याच्या आसपास तो बायको आणि हत्यारांच्या दोन पेट्या घेऊन सासुरवाडीला, जामसंड्याला, निघून गेला. बाबा समाधानाने म्हणाले, "बघितलंस? देव आसा." फक्त आई म्हणाली, "माड तो. कुजलेलोच होतो." त्याच उन्हाळ्यात आळं साफ करताना तिला ती भोक पाडलेली करवंटी सापडली. तिने ती नाकाशी नेली, माझ्याकडे बघितलं आणि चुलीत टाकली. तिला कळलं होतं की नाही, हा माझा संशय तिच्याबरोबरच गेला.

माणसं म्हणतात मी चौकस आहे. ऑफिसात माझ्याकडे फाइल आली की लोक घाबरायचे. मला माहीत आहे, ज्याच्यावर कोणी संशय घेतला नाही असा एक माणूस मी आरशात रोज बघतो, म्हणून मला बाकीच्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

कुडाळचा गॅरेजवालाच एक दिवस कंटाळून म्हणाला, "तुमचं समाधान मी नाही करू शकत. जामसंड्याला एक म्हातारे मेस्त्री आहेत, जुन्या गाड्यांच्या ब्रेकचं त्यांना विचारा. जरा विचित्र आहेत, झाकणाला दोरे बांधतात." नाव त्याने सांगायच्या आधीच मला कळलं होतं. दोन आठवडे मी त्या दिशेला गेलो नाही. मग एका सकाळी गाडी न नेता, नुसती कोल्हापूरवाल्याने पाठवलेली मापं खिशात घालून गेलो.

गॅरेजमध्ये दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्हींच्या ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणाला लाल दोरा गुंडाळून गाठ मारलेली, गाठीवर मेणाचा थेंब, आणि दोऱ्याला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर पेन्सिलीने कोणाचं तरी नाव. मेस्त्री स्टुलावर बसून पॅड घासत होता. केस पांढरे, कानावर पेन्सिल. त्याने मला ओळखलं नाही. जुन्या गाडीला डिस्क बसवायची मापं आणली आहेत, असं सांगून मी विचारलं, हा दोरा कशाला?

"टाकी कोणी भरल्यान तेचा नाव. भरणाऱ्यान स्वताच्या हातान लिवचा. दोरो तुटलेलो दिसलो तर मी त्या गाडयेक हात लावणंय नाय." तो पॅडवरून नजर न उठवता म्हणाला. "एकदा लागली ठेच, तेव्हापासून."

मी माझं नाव सांगितलं. वाडीचं नाव सांगितलं. मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पिंप, बाटली, करवंटी, मान हलवणं. मी त्याच्या हातांकडे बघत होतो, बाबांसारखा. पॅड घासणं थांबलं नाही. माझं बोलणं संपल्यावर थांबलं.

"करवंटेतसून घातलंस?"

"व्हय."

"शिरा पडो तुझ्या तोंडार," तो शांतपणे म्हणाला. "त्या वक्ताक सांगलं असतंस तर बापाशीच्या दोन थपडो खाल्लं असतंस आणि रबरांचो एक सेट गेलो असतो. बाकी काय जावचा नव्हता."

त्याने पॅडवरची धूळ फुंकली.

"तू मान हलवलंस, म्हणान मी बापाशीक धरलंय. दुकानातला तेल, दुकानदाराचो हात. माका वाटला, चुकी आपली आणि आळ माझ्यार. हयसर इल्यावर एकदा गुपचूप जावन त्याच रवळनाथाफुडे मीवय नारळ ठेवलंय. तेच्या नावान." त्याने पॅड बाजूला ठेवलं. "तो गेल्याचा कळला तेव्हा तीन दिवस माझ्या घशाखाली पेज उतराक नाय. माझोच नारळ लागलो म्हणान. ऐकतंस मा? इतकी वर्षा एका माणसाचा मरण मी माझ्या उशाक घेवन निजतंय. आणि तेना कायच केल्यान नव्हता."

बाबा छातीच्या दुखण्याने गेले होते, आणि त्यांना आधी दोन झटके येऊन गेले होते. मी ते सांगितलं. त्याने हाताने नको नको अशी खूण केली, जणू त्याच्या दुःखातलं काहीतरी मी काढून घ्यायला आलो होतो. मला वाटलं, आता मला जायला सांगेल. त्याने हात पुढे केला. "मापां दाखय."

कागद त्याने दोनदा वाचला. गाडी कोण चालवणार, विचारलं; मी मुलीचं सांगितलं. कोल्हापूरवाला तितका खोटा नाही, म्हणाला. मोडीतल्या गाडीचं घे, पण दोन्ही बाजू एकाच गाडीच्या हव्यात, आणि विकत घेण्याआधी रिम घेऊन जा, तिथेच चढवून फिरवून बघ. आतली रबरं सगळी नवी. मास्टर सिलेंडरही त्याच गाडीचा. "बूस्टर लाव. चेडवाचो पाय हलको असतलो. मागचे जुने ड्रम ब्रेक तसेच ऱ्हवांदेत."

"म्हणजे डिस्क घेऊ ना?"

"हलकी गाडी ती. बरे ड्रमवय तिका थांबवतत. पण ड्रम म्हणजे बंद पेटारो, आत काय चल्ला ता कळना नाय. डिस्क चाकातसून दिसता." तो उठला. "पण आधी देवाकडे. तुझ्या बापाशीन ठेवलेलो तू काढ, मी ठेवलेलो मी काढतलंय. तेच्याशिवाय मी तुझ्या गाडयेक हात लावचंय नाय."

पुढच्या सोमवारी मी त्याला घ्यायला गेलो. देवळात गावकरी आता त्या वेळच्या गावकऱ्याचा मुलगा आहे. त्याने नारळ हातात घेऊन विचारलं, "गाऱ्हाणा कसला, नि कोणाचा नाव घेवचा?" जुई माझ्या शेजारी उभी होती. तिला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं, आणि ती तेव्हापासून माझ्याशी फारसं बोललेली नव्हती. मी माझं नाव सांगितलं. खोट माझ्या हाताने झाली आणि मेस्त्रीवर आळ आला, हेही सांगितलं. गावकऱ्याने ते सगळं मोठ्या आवाजात देवाला सांगितलं, वाडीतल्या आठ-दहा जणांसमोर. "व्हय म्हाराजा!" झालं. मेस्त्रीचा आवाज त्यात नव्हता. तो खांबाला धरून उभा होता. मग गावकरी बाबांचं नाव घेऊन म्हणाला, तेही निर्दोष होते, त्यांच्यावर ठेवलेला नारळ आज मेस्त्री परत घेतो आहे. तेव्हा मेस्त्री म्हणाला, "व्हय म्हाराजा." एकटाच, सगळ्यांच्या नंतर.

मला क्षमा केली असं तो तेव्हाही म्हणाला नाही आणि अजूनही म्हणालेला नाही. मीही विचारलं नाही.

महिनाभराने सामान आलं, बसलं. रिमला कॅलिपर घासत नव्हता. शेवटचं काम ब्रेकमधली हवा काढायचं. त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पाय दाबायचा, दुसऱ्याने खाली चाकाशी पडून नटातून हवा सोडायची. दोघांना एकमेकांची तोंडं दिसत नाहीत. त्याआधी मेस्त्रीने ब्रेक ऑईलची बंद बाटली माझ्या हातात दिली. "तूच घाल." मी सील तोडलं, ओतलं. थोडं मडगार्डवर सांडलं, त्याने फडक्याने पुसलं. पुठ्ठा आणि पेन्सिल पुढे केली. मी माझं नाव लिहिलं. जुईने दोऱ्याची गाठ मारली.

मग मी आत बसलो आणि तो पुढच्या चाकाखाली गेला. मला त्याच्या चपलाच तेवढ्या दिसत होत्या.

"दाब."

मी दाबलं.

"धर."

खाली फुस्स झालं आणि माझा पाय जमिनीकडे जाऊ लागला, अगदी त्या उतारावर बाबांचा गेला असेल तसा. मला पाय काढून घ्यावासा वाटला.

"सोडू नको," खालून आवाज आला. "मी सांगीसर सोडू नको, वासू."

मी धरून राहिलो.